कोटितीर्थाकाठचा चित्रकार

कोल्हापुरात पाहुणा आला की त्याला अंबाबाईचे मंदिर, रंकाळा आणि न्यू पॅलेस दाखवायचा आणि निरोप देताना चपला नि गुळाची ढेप बरोबर द्यायची, असा येथला शिरस्ता आहे. आमच्या धर्मग्रामात येणारे पाहुणेही याच वाटेने फिरून येतात. कोटितीर्थ पाहायचे आहे, असे मात्र आजवर आम्हांला कोणी म्हटलेले नाही. तसे म्हणण्याजोगे तेथे फारसे उरलेलेही नाही. शाहू मिलजवळचे हे तळे. काठावर महादेवाचे देऊळ, भोवती वाढलेली वस्ती, पाण्यावर कधी शेवाळ तर कधी मेलेल्या मासळीचा थर. वर्तमानपत्रात कोटितीर्थाचे नाव येते ते बहुधा या मासळीमुळेच.

तरीही मन जड झाले म्हणजे आम्ही दिवस कलताना तिकडे जाऊन बसतो. सूर्य मावळण्याआधीची दहा-पंधरा मिनिटे ते पाणी आपले सगळे दारिद्र्य विसरते. त्या दहा-पंधरा मिनिटांसाठी एक माणूस या काठावर आयुष्य काढून गेला. त्याचे नाव आबालाल रहिमान.

हे नाव आम्ही सेमिनरीत ऐकले नव्हते. पुण्याला तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकताना जोत्तो, राफाएल, मायकेलअँजेलो ही नावे आमच्या ओठांवर होती. सिस्टाईन चॅपेलच्या छताची लांबी-रुंदीदेखील आम्ही कधीकाळी पाठ केली होती. आबालाल आम्हांला भेटवले ते एका पाट्या रंगवणाऱ्या पेंटरने, आणि तेही आमचे अज्ञान पाहून त्याला दया आली म्हणून.

२००९ साली आम्ही कोल्हापूरला पहिल्यांदा नेमणुकीवर आलो, तेव्हा हे गृहस्थ साठीच्या उंबरठ्यावर होते. तरुणपणी त्यांनी चित्रपटांचे मोठाले पडदे रंगवले होते. नंतर दुकानांच्या पाट्या, ट्रकचे फाळके, निवडणुकीतल्या भिंती. मग फ्लेक्स आला आणि एकेक करून ही सारी कामे गेली. आमच्या मंदिराचा मिस्साच्या वेळांचा फलक, दफनभूमीच्या फाटकावरची अक्षरे आणि नाताळच्या गोठ्यामागचा पडदा एवढे त्यांच्याकडे उरले होते. सारा धर्मग्राम त्यांना ‘पेंटर’ म्हणे, आम्हीही तसेच म्हणत असू. ते स्वतः ख्रिस्ती नव्हते. पण गोठ्याचा पडदा रंगवण्याचे दिवस आले की मांसाहार सोडत. का, असे विचारले तर म्हणत, “देवाचं काम हाय न्हवं.”

त्यांच्या बेथलेहेमची एक गंमत होती. मागचा डोंगर दरवर्षी जोतिबाचा असे. एका वर्षी तर मेंढपाळांच्या डोक्यामागून पन्हाळ्याची तटबंदी डोकावत होती, आणि कॅटेकिझमच्या वर्गातल्या मुलांनी ती बरोबर ओळखली. आम्ही पेंटरना हसत हसत म्हणालो, “अहो, बेथलेहेम असे नाही दिसत.” त्यांनी कुंचला डब्यात बुडवला आणि आमच्याकडे न पाहताच उत्तर दिले, “फादर, बेथलेहेम मी काय बघितलं न्हाई. जोतिबाचा डोंगर जन्मल्यापास्नं बघतोय. जे बघितलं न्हाई त्यात जीव कसा वतायचा? आबालालनी तरी काय काढलं? रंकाळा आन् पंचगंगाच की.”

“कोण आबालाल?” आम्ही विचारले.

त्यांनी कुंचला खाली ठेवला. एखाद्या पाहुण्याने मंदिरात येऊन ‘हे संत पेत्र कोण?’ असे विचारावे आणि आपण त्याच्याकडे जसे पाहावे, तसे ते आमच्याकडे पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी आपल्या लुनाच्या मागे बसवून ते आम्हांला टाऊन हॉलच्या संग्रहालयात घेऊन गेले.

ही एकोणिसाव्या शतकातली दगडी वास्तू, तिचे निमुळते मनोरे दुरून पाहिले तर ख्रिस्तमंदिरच वाटावे. आत ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५–४६ साली झालेल्या उत्खननात सापडलेल्या वस्तू आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन जगाशी या गावाचा व्यापार होता, हे सांगणारी समुद्रदेव पोसायडनची लहानशी धातुमूर्ती त्याच टेकडीवरची. आमची पावले तेथेच रेंगाळली. पण पेंटरना त्यात रस नव्हता. त्यांनी आम्हांला हाताला धरून चित्रांपुढे नेले आणि स्वतः दोन पावले मागे सरून हात जोडून उभे राहिले.

खरे सांगायचे तर पहिल्या भेटीत आम्हांला फारसे काही दिसले नाही. चित्र म्हटले की काही प्रसंग हवा, कोणी राजा, कोणी संत, काही युद्ध हवे, अशी आमच्या डोळ्यांची घडण. येथे होते ते पाणी, झाडे, थोडेसे आकाश. पेंटर म्हणाले, “जवळनं बघू नका. हिकडं या. आता डोळं बारीक करा.” आम्ही मागे सरलो, डोळे किलकिले केले, आणि जे जवळून नुसते रंगाचे फटकारे आणि ठिपके वाटत होते, त्यांतून ऊन बाहेर आले. ते ऊन आमच्या ओळखीचे होते. पावसाळा सरल्यावर, भाद्रपदाच्या अखेरीस, कोल्हापुरात सायंकाळी पाचच्या सुमारास पडते तेच ते ऊन होते. त्याला दुसऱ्या कोणत्याही गावचे म्हणता आले नसते.

आबालाल यांचा जन्म कोल्हापुरात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर झाला. त्यांच्या घरात पवित्र कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार होत असत आणि त्यांच्या पानांभोवतीच्या वेलबुट्ट्या रंगवतच या मुलाचा हात वळला, असे सांगतात. आम्हां ख्रिस्ती वाचकांना यात काही अनोळखी वाटू नये. आपल्याकडेही मठवासी संन्याशांनी शतकानुशतके पवित्र शास्त्राच्या प्रती अशाच हाताने उतरवल्या आणि समासात पानेफुले फुलवली. शब्द देवाचा, लिहिणाऱ्याने त्यात आपले काही घालायचे नाही. मात्र कडेची मोकळी जागा त्याची स्वतःची. आबालालांच्या चित्रांतली ती नम्र, सावध रेषा पाहताना आम्हांला पुष्कळदा वाटून गेले आहे की हा माणूस जन्मभर समासच रंगवत राहिला. मधला मजकूर त्याने ईश्वरासाठी मोकळा सोडला. अर्थात हे आमचे धर्मगुरूचे वाचन झाले. चित्रकलेचे जाणकार याला हसतील.

पुढे ते मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. जॉन ग्रिफिथ्स यांची तेथे सत्ता होती. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती विद्यार्थ्यांकडून करवून घेणारे ते हेच. तेथल्या शिस्तीत आबालाल तयार झाले आणि १८८८ साली व्हाइसरॉयच्या पदकाचे मानकरी ठरले. मनात आणले असते तर ते मुंबईतच राहून संस्थानिकांची आणि शेठसावकारांची व्यक्तिचित्रे रंगवून गबर झाले असते. त्या काळी राजा रविवर्म्यांनी या व्यवसायाला जी प्रतिष्ठा मिळवून दिली होती ती सर्वांपुढे होती. आबालाल मात्र परत आले.

कोल्हापुरात १८९४ साली शाहू महाराज गादीवर बसले. महाराजांची नजर माणूस हेरण्यात किती तयार होती हे महाराष्ट्राला सांगायला नको. मल्ल, गवई, नट आणि चित्रकार यांना त्यांनी जवळ केले, आणि निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे काढताना ख्रिस्ती विद्यार्थ्यांनाही ते विसरले नाहीत. त्यांनी आबालालांना दरबारचा आश्रय दिला. आश्रय म्हणजे दरबारी साज चढवून सिंहासनाजवळ बसवणे नव्हे. या चित्रकाराला मोकळे सोडले तरच तो काही करील, हे महाराजांनी ओळखले होते. आबालाल कोटितीर्थाच्या काठी एखाद्या फकिरासारखे राहिले आणि रंकाळा, पंचगंगेचा घाट, तळी, झाडे पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. चितारणारा मुसलमान, काठ महादेवाचा आणि धनी मराठ्यांचा छत्रपती. यात काही जगावेगळे घडते आहे असे त्या तिघांपैकी कोणाला वाटले असेल, असे आम्हांला दिसत नाही.

याच वर्षांत फ्रान्समध्ये क्लोद मोने आपल्या घरामागच्या तळ्यातली कमळे रंगवत बसला होता. उजेड बदलला की तेच तळे वेगळे होते, हा त्याचा ध्यास. आबालालांनी पॅरिस पाहिले नव्हते. तरी दोघेही आपापल्या तळ्याकाठी एकाच गोष्टीच्या मागे लागले होते. मोनेची कमळे पाहायला आज जगभरातून माणसे जातात. कोटितीर्थावर आम्ही बसतो, आणि कधी गळ टाकून बसलेली दोन पोरे असतात.

६ मे १९२२ रोजी शाहू महाराज मुंबईला वारले. त्यानंतरची जी गोष्ट कोल्हापुरात सांगतात, ती पेंटरनी आम्हांला टाऊन हॉलच्या पायरीवर बसून सांगितली. महाराज गेले, आता ही चित्रे पाहायची कोणी, असे म्हणून आबालालांनी आपल्या चित्रांचे गठ्ठे कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिले. किती, ते सांगणाऱ्यागणिक वाढते. कोणी शेकड्यांत सांगतो, कोणी हजारांत. आकडा काहीही असो. आज त्यांची जी थोडी चित्रे उरली आहेत ती पाहिली म्हणजे पाण्यात गेलेल्यांच्या आठवणीने पोटात खड्डा पडतो.

पाण्यात सोडलेले शब्द महाराष्ट्राला नवे नाहीत. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या आणि तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या, ही कथा ज्याला ठाऊक नाही असा मराठी माणूस विरळा. आबालालांची चित्रे मात्र वर आली नाहीत. तुकोबा काठावर धरणे धरून बसले होते. त्यांना आपले अभंग परत हवे होते. आबालालांनी परत मागितल्याचे कोणी सांगत नाही.

ही गोष्ट ऐकली तेव्हा आमच्यातला हिशेबी माणूस आधी जागा झाला. केवढा हा अपव्यय, असे आमच्या तोंडून गेले. आणि जाताक्षणीच जीभ चावावी लागली. कारण हेच वाक्य बेथानीच्या घरात कोणी उच्चारले होते ते आपण जाणतो. मरियेने मोलाचे सुगंधी तेल प्रभूच्या चरणांवर ओतले, घर सुवासाने भरून गेले, आणि हे तेल विकून गोरगरिबांना का दिले नाही असे विचारणारा यहूदा होता. धर्मग्रामाचे जमाखर्च सांभाळणाऱ्या आमच्यासारख्यांना यहूदाचा तो प्रश्न फार शहाणपणाचा वाटतो, हे कबूल केले पाहिजे. तरीही आबालालांच्या त्या कृतीला आम्ही भक्ती म्हणणार नाही. तो शोक होता, कदाचित राग होता. एकच डोळस माणूस भेटला आणि तोही गेला, असे वाटलेल्या माणसाचा राग. त्याला साधुत्वाची झूल चढवली म्हणजे त्याला एकटे सोडणाऱ्या समाजाची सुटका होते.

आणखी एक गोष्ट. कलावंताच्या फकिरीचे गोडवे गाणे सोपे असते. ज्या दिवशी आम्ही टाऊन हॉलच्या पायरीवर आबालालांच्या फकिरीची कथा डोळे ओले करून ऐकली, त्या दिवशी पेंटरचे दफनभूमीच्या फाटकाचे बिल आमच्या टेबलाच्या खणात तीन महिने पडून होते. त्यांनी ते एकदाही आठवून दिले नाही.

१९३१ साली आबालाल गेले. पण त्यांचा हात कोल्हापुरातून गेला नाही. बाबूराव पेंटर, ज्यांनी पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढून ‘सैरंध्री’ आणि ‘सावकारी पाश’ पडद्यावर आणले, ते आबालालांना गुरुस्थानी मानणाऱ्या परंपरेतले. स्वतःच्या सिनेमाची पोस्टरेही ते रंगवत. त्यांच्या पडद्यावरच्या उजेडात रंकाळ्याकाठचा उजेड आहे, असे आमचे पेंटर छातीठोकपणे सांगत. कोल्हापुरात आजही ‘पेंटर’ ही नुसती पोटापाण्याची ओळख नाही, पदवी आहे. ती पाट्या रंगवणाऱ्यालाही लागते, कारण तीच एकदा बाबूरावांना लागली होती.

आपल्या समाजातही असा एक माणूस होऊन गेला, आणि त्याच्या बाबतीत आपण अधिक दोषी आहोत. गोव्यातल्या सांत इस्तेव गावी १९०२ साली जन्मलेले आंजेलो द फोन्सेका. वैद्यकीचे शिक्षण सोडून ते चित्रकलेकडे वळले, जे. जे. मध्ये मन रमेना म्हणून बंगालला गेले आणि अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्यापाशी शिकले. तेथून परतल्यावर त्यांनी पवित्र मरिया रंगवली ती साडी नेसलेली, सावळी, आपल्या मातीतली. गोव्यात गहजब झाला. देवमातेला यांनी मोलकरीण केले, अशा सुरात लोक बोलू लागले. फोन्सेकांना गाव सोडावे लागले. त्यांना निवारा मिळाला तो पुण्याच्या शिवाजीनगर भागातल्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात, म्हणजे अँग्लिकन बंधूंकडे. आपल्यातून त्यांची पाठराखण केली ती मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजातल्या फादर हेन्री हेरास यांच्यासारख्या मोजक्या व्यक्तींनी. १९६७ साली मरेपर्यंत ते रंगवत राहिले. त्यांची बरीच चित्रे आज गोव्यात पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आदराने जपलेली आहेत. त्यांच्या हयातीत मात्र आपल्या वेदींवर जागा होती ती परदेशातून आलेल्या गोऱ्या मूर्तींना.

साडी नेसलेल्या मरियेने आम्ही दचकावे याला खरे तर काही कारण नव्हते. १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ छापले तेव्हा प्रभूची कथा ओवीत बसवली होती. म्हणजे कानांनी तीनशे वर्षांपूर्वी जे स्वीकारले ते डोळ्यांना रुचेना. दूर कॅरिबियन समुद्रातल्या हैती देशात १९५० साली एका एपिस्कोपल बिशपने आपल्या कॅथीड्रलच्या भिंती तेथल्या चित्रकारांच्या हवाली केल्या. त्यांतले बहुतेक कोणत्याही कलाशाळेची पायरी न चढलेले. विल्सन बिगो हा विशीतला तरुण. त्याने काना गावचे लग्न रंगवले, त्यात गाव हैतीचे आणि वऱ्हाडीही हैतीचे. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपात ते मंदिर कोसळले. चौदांपैकी तीनच भित्तिचित्रे वाचवता आली. बिगोचे लग्न मातीत गेले. आणि दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने तर १९६३ सालीच उपासनेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात स्पष्ट केले की कोणत्याही एका शैलीला ख्रिस्तसभा आपली म्हणत नाही. सर्व वंशांच्या व देशांच्या कलेला तिच्या मंदिरात वाव आहे.

हे सगळे आम्हांला ठाऊक होते, म्हणून तर पुढची गोष्ट सांगणे जड जाते. सेमिनरीत शेवटच्या वर्षी ख्रिस्तसभेच्या भारतीयीकरणावर आम्ही जो प्रबंध लिहिला त्यात फोन्सेकांना चांगली सहा पाने दिली होती आणि गोव्यातल्या त्यांच्या टीकाकारांवर कोरडे ओढले होते. परीक्षकांनी त्या पानांची तारीफही केली.

२०११ साली पावसाळ्यात मंदिराच्या उजव्या भिंतीवरची पवित्र मरियेची तसबीर ओल लागून खराब झाली. सप्टेंबरची नव्हेना तोंडावर आलेली. दुसरी आणायला हवी, असे आम्ही पेंटरच्या देखत कोणाला तरी बोललो. दोन आठवड्यांनी ते लुनावरून एक हार्डबोर्डचा तक्ता आडवा धरून घेऊन आले. जुन्या साडीत गुंडाळलेला. त्यांनी तो सॅक्रिस्टीच्या टेबलावर उघडला.

तिन्हीसांजेची वेळ होती चित्रात. तळ्याचा काठ. एक तरुण स्त्री, इरकली लुगडे, डोक्यावरून पदर, एका कडेवर मूल आणि दुसऱ्या हातात पितळेची कळशी. मूल तिच्या गळ्यातल्या पोतीशी खेळत होते. तिच्या डोक्यामागे वलय नव्हते. मावळतीचा उजेड होता, पाण्यावरून उलट फिरून आलेला, आणि तो पदराच्या काठाला असा लागला होता की वलयाची जरुरी वाटू नये. आम्ही ते ऊन ओळखले.

आणि आम्ही म्हणालो, “चित्र फार सुंदर आहे, पेंटर. पण आपल्या भाविकांना रुचायचे नाही.”

भाविकांना आम्ही विचारलेले नव्हते. एकाही माणसाला ते दाखवले नव्हते. पुढे वाद होतील, कोणी वर तक्रार करील, नव्हेनेच्या तोंडावर नसती कटकट, एवढेच त्या क्षणी मनात होते. आणि ‘भाविक’ हा शब्द पुढे करायला सोयीचा होता. पेंटर थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, “बरं फादर,” आणि तक्ता पुन्हा त्या साडीत गुंडाळू लागले. त्यांनी दोरीची गाठ फार जपून मारली, एवढे आमच्या लक्षात आहे. त्या आठवड्यात एका दात्याने मुंबईहून छापील तसबीर आणून दिली; निळे डोळे, गुलाबी गाल, सोनेरी चौकट. नव्हेना छान पार पडली. पेंटर त्या नाताळलाही गोठ्याचा पडदा रंगवायला आले, आणि मागे जोतिबाचा डोंगर होता.

२०१३ साली आमची बदली झाली. ऑगस्ट २०१९ चा महापूर आम्ही दूरच्या गावी राहून वर्तमानपत्रांत पाहिला. पंचगंगा पात्र सोडून गल्ल्यांत शिरली, अनेक दिवस हलली नाही. तेव्हा आम्ही धर्मग्रामातल्या बऱ्याच घरी फोन केले. पेंटर आम्हांला आठवले नाहीत.

२०२२ साली आम्ही पुन्हा कोल्हापूरला आलो आणि पहिल्या महिन्यातच त्यांचे घर शोधत नदीकडे उतरणाऱ्या त्या गल्लीत गेलो. ते ओट्यावर बसले होते. एका डोळ्यात मोतीबिंदू, उजवा हात थरथरता. आम्हांला आवाजावरून ओळखले. चहा झाला. बऱ्याच इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर आम्ही धीर करून त्या चित्राचे विचारले.

“ते व्हय?” ते म्हणाले. “महापुरात गेलं. पाणी पाक माळ्यापतुर आलतं. हार्डबोर्ड ते, फुगलं, रंगाचं पापुद्रं सुटलं. पोरानं चिखलासंगं गाडीत घातलं.” आणि मग आमच्या चेहऱ्याकडे पाहून, बहुधा आमची कीव येऊनच, हसले. “आबालालनी सोताच्या हातानं टाकली हुती, फादर. माझं न्यायला पंचगंगा सोता घरात आली. मान मोठा का न्हाई?”

आम्ही तेव्हा, त्या ओट्यावर, मराठीत ज्याला माफी मागणे म्हणतात ते केले. पापनिवेदनाच्या पेटीत आम्ही गेली पंचवीस-तीस वर्षे बसत आलो आहोत, पण जाळीच्या त्या बाजूला गुडघे टेकताना माणसाला शब्द का सापडत नाहीत ते त्या दिवशी जरा अधिक कळले. ते म्हणाले, “जाऊ द्या की. तुमी सुंदर हाय म्हणला हुतासा. तेवढं खरं बोलला हुतासा न्हवं?”

त्यांनी पुन्हा एकदा ते चित्र काढावे असे आम्ही सुचवले. त्यांनी उजवा हात पुढे करून आमच्या तळहातावर ठेवला. तो पाखरासारखा हलत होता. “नातीला सांगतो,” ते म्हणाले. “ती शिकती कलेचं. पर तिचा हात माझ्यासारखा न्हाई. ती तिचं काढंल. चालंल?”

आम्ही चालेल म्हणालो. यावेळी पॅरिश कौन्सिलसमोरही विषय ठेवला. दोघांनी हरकत घेतली, एका आजीबाईंनी ‘माझ्या आईसारखी दिसली तर मी रोज मेणबत्ती लावीन’ असे सांगितले, आणि ठराव झाला. छापील तसबीर शाळेच्या हॉलमध्ये जाणार आहे. दात्याशी बोलणे आम्ही केले आहे आणि ते सोपे गेले नाही.

नात जूनमध्ये येऊन गेली. विशीची मुलगी, खांद्याला पिशवी, पिशवीत वही. तिने भिंतीचे माप घेतले, खिडक्या पाहिल्या, बाकावर बराच वेळ गप्प बसली. मग विचारले, “फादर, या भिंतीवर ऊन किती वाजता येतं?”

आम्ही उत्तर द्यायला तोंड उघडले आणि लक्षात आले की आम्हांला ठाऊक नाही. दोन नेमणुका मिळून इतकी वर्षे त्या वेदीपाशी मिस्साबलिदान अर्पण केले. पण उजव्या भिंतीवर ऊन कोठून येते आणि कोठवर चढते, हे कधी पाहिले नव्हते.

“बघून सांगा,” ती म्हणाली. “घाई नाही. पावसाळ्यात वेगळं असेल, नाताळात वेगळं. सगळं लिहून ठेवा.”

तेव्हापासून सकाळची मिस्सा संपली की आम्ही तिसऱ्या बाकावर जाऊन बसतो आणि धर्मग्रामाच्या डायरीच्या मागच्या पानावर नोंद करतो. पावसामुळे पुष्कळ दिवस कोरेच आहेत. काल सव्वाआठला आले, खिडकीच्या गजांची सावली घेऊन, आणि ढग येईतो नऊ मिनिटे राहिले.